दादाला ऐकू आलेली तीन बटणं

दादा अकरा वर्षांचा असताना तापात त्याची नजर गेली. मी तेव्हा सात वर्षांची होते. पुढची दहा वर्षं त्याची सगळी पुस्तकं मी मोठ्यानं वाचून दाखवली. म्हणजे स्वतः दुसरीत असताना मी सहावीचा इतिहास वाचत होते. कंटाळा आला की मी एखादा परिच्छेद गाळायचे आणि काही झालंच नाही अशा आवाजात पुढचा सुरू करायचे. दादा बोट वर करायचा.

"मध्ये काहीतरी खाल्लंस."

"कशावरून?"

"गाळायच्या आधी तू श्वास घेतेस."

लोक दादाची ओळख करून देताना आधी त्याच्या डोळ्यांबद्दल बोलतात. मी त्याच्या काटेकोरपणाबद्दल बोलेन, कारण त्यानं घरादाराला आयुष्यभर वैताग दिला आणि त्यानंच एका एवढ्या मोठ्या हॉस्पिटलची अब्रू वाचली.

त्या हॉस्पिटलच्या टेलिफोन खोलीत दादा एकवीस वर्षं बसला. तीनशे चाळीस अंतर्गत नंबर त्याला तोंडपाठ होते. कुठला डॉक्टर खोकून बोलायला सुरुवात करतो, कुठल्या वॉर्डातली नर्स रिसीव्हर आपटते, सगळं ठाऊक. मग थेट फोन आले, फोन जोडून द्यायचं ते जुनं यंत्र भिंतीवरून उतरवलं आणि दादाला खाली चौकशीच्या दोन नंबरच्या खिडकीत बसवलं. एका बाजूला एक्स-रेची रांग, दुसऱ्या बाजूला रक्त तपासणीची. समोर कॉम्प्युटर. पडद्यावरचं सगळं मोठ्यानं वाचून दाखवणारा प्रोग्राम तो वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी शिकला आणि त्याचा वेग इतका वाढवून ठेवला, की आम्हाला ते फरशीवर वाटाणे सांडल्यासारखं वाटायचं. डाव्या कानात हेडफोन, उजवा कान माणसांसाठी मोकळा.

रोज सकाळी त्याचं पहिलं काम म्हणजे हॉस्पिटलच्या वेबसाइटवर त्या दिवशीची सूचना टाकणं. कुठले डॉक्टर रजेवर, कुठली ओपीडी कुठल्या खोलीत. वेबसाइट लोकांना दिसते ती पुढची बाजू. तिच्यात बदल करायचे तर मागं एक वेगळं पान असतं, त्याला ॲडमिन पॅनल म्हणतात. आपलं नाव आणि पासवर्ड घालून तिथं जायचं. ज्याला जेवढं काम, तेवढीच मुभा. दादाला मुभा होती फक्त सूचनांची. त्याच्यासारखे आणखी अठरा जण होते, त्यात शिकाऊ होते, कंत्राटी होते.

हे पॅनल बनवणाऱ्या कंपनीनं एका शनिवारी-रविवारी त्याची नवी आवृत्ती बसवली. सोमवारी सुट्टी होती. मंगळवारी सकाळी, रांग लागायच्या आत, दादा आत शिरला. प्रोग्राम वाचू लागला: नवी सूचना, जुन्या सूचना, बाहेर पडा. एरवी 'बाहेर पडा' आलं की पान संपायचं. त्या दिवशी ते संपलं नाही. पुढं आलं: वापरकर्ते, सर्व्हर सेटिंग, संपूर्ण बॅकअप उतरवा.

दादाला वाटलं, आपल्या गळ्यात आणखी एखादं काम पडलं असेल. त्या हॉस्पिटलात काम वाढवताना कुणाला विचारायची पद्धत नव्हती. त्यानं पहिल्या बटणावर एंटर दाबलं. प्रोग्राम नावं वाचायला लागला. अधीक्षक मॅडमचं, मग रक्तपेढीच्या प्रमुखांचं, मग औषध भांडाराच्या. आणि प्रत्येक नावापुढं 'पासवर्ड बदला'. तिसऱ्या नावाला दादानं पान बंद केलं.

शेजारच्या एक नंबरच्या खिडकीतल्या ताईंना त्यानं हाक मारली. "जरा माझ्या पडद्याकडे बघता? 'बाहेर पडा'च्या पुढं काय आहे?"

त्यांनी वाकून पाहिलं. "काही नाही. पांढरं."

"नीट बघा."

"अहो दादा, पांढरं म्हणजे पांढरं. त्यात नीट काय बघायचं?"

मी दोन गल्ल्या सोडून राहते आणि शाळेत भूगोल शिकवते. संध्याकाळी दादाकडे गेले तर तो वहिनीला हेच समजावत होता. वहिनी त्याच हॉस्पिटलात चादरी आणि गाऊन शिवायच्या खोलीत काम करते. हातातली सुई खाली न ठेवता ती ऐकत होती.

"बॅकअप म्हणजे काय ते लक्षात घे," दादा म्हणाला. "ज्यांनी ज्यांनी वेबसाइटवरून वेळ घेतली, त्या सगळ्यांची नावं, फोन आणि कुठल्या डॉक्टरकडे गेले ते. मनोविकाराच्या ओपीडीत कोण येतं, मूल होत नाही म्हणून कोण येतं. एक बटण दाबलं की सगळं गाठोडं खाली."

"पण बटण दिसतच नाही म्हणतात ना?" मी म्हटलं.

"मला ऐकू येतं. म्हणजे ते तिथं आहे." मग म्हणाला, "एकवीस वर्षं टेलिफोनवर बसलो. कोण कुणाला कशासाठी फोन करतं, सगळं कानावरून जायचं. घरी येऊन कधी एक शब्द काढला?"

"मला सुद्धा सांगितलं नाहीत," वहिनी म्हणाली. तिच्या आवाजात तक्रारही होती आणि तोराही होता.

दुसऱ्या दिवशी दादा संगणक विभागाच्या प्रमुखांकडे गेला. त्यांना सगळे मागं 'सिस्टीम साहेब' म्हणत, कारण कुठलीही तक्रार नेली की ते म्हणायचे, सिस्टीमच तशी आहे. त्यांनी दादाला बसा म्हटलं आणि पडद्याकडे बघत ऐकून घेतलं.

"तुम्हाला ती बटणं दिसतात का?"

"साहेब, मला कुठलंच बटण दिसत नाही."

"तसं नाही. म्हणजे इतर कुणाला दिसतात का? नाही ना? मग ती नाहीत. तुमचा तो वाचणारा प्रोग्राम जुना झालाय, काहीतरी बरळतो."

"बरळला असता तर नावं खरी निघाली नसती."

"बघतो," साहेब म्हणाले.

त्यांचं 'बघतो' म्हणजे काय ते सगळ्या हॉस्पिटलला माहीत होतं. घरी आल्यावर दादा म्हणाला, साहेबांनी कानाडोळा केला. वहिनी म्हणाली, "तुम्हाला करायचा म्हटला तरी निम्माच जमेल." तो हसला, पण त्याच रात्री जेवणाआधी बसून त्यानं अर्ज टाइप केला. कुठलं पान, पुढच्या बटणावर नेणारी टॅबची कळ किती वेळा दाबली, काय ऐकू आलं, कुठलं बटण दाबलं, काय उघडलं, किती वेळानं बंद केलं: अंदाजे चाळीस सेकंद. एक प्रत साहेबांना, एक अधीक्षक मॅडमच्या कार्यालयात, एक स्वतःकडे.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. पाकिटातला कागद वाचायला दादानं मला बोलावलं. मी वाचायला लागले. आपण अधिकार नसताना वापरकर्त्यांची यादी उघडल्याचं आपल्याच अर्जावरून दिसून येतं. तीन दिवसांत लेखी खुलासा करावा. तोवर आपलं खातं बंद ठेवण्यात येत आहे. सही सिस्टीम साहेबांची. शेवटी आणखी एक वाक्य होतं. मी तिथं अडखळले.

"गाळू नकोस," दादा म्हणाला.

मी वाचलं. "आपल्या शारीरिक मर्यादा पाहता, आपणास यापुढे संगणकाचे काम द्यावे की नाही, याचाही विचार करण्यात येईल."

दादा उठला, स्वयंपाकघरात गेला, माठातलं पाणी घेतलं आणि उभ्यानंच प्यायला. वहिनीनं शिलाई मशीन थांबवलं. तो परत येऊन बसला. "परत वाच. फक्त शेवटचं." मी परत वाचलं. त्याचा जबडा घट्ट झाला होता. लहानपणी शाळेत कुणी काही बोललं की असाच व्हायचा.

मी घाबरट आहे. मी म्हटलं, "दादा, चुकून दाबलं गेलं असं लिहून टाक ना. विषय संपेल."

"चुकून नाही दाबलं. ऐकून दाबलं."

"पण ते तुझ्याच अर्जानं तुला अडकवतायत."

"अर्जात खरं आहे ते लिहिलंय. आता खोटं लिहिलं तर पहिलंही खोटं ठरेल. मग ती बटणं तशीच राहतील."

मी वहिनीकडे पाहिलं, ती माझी बाजू घेईल म्हणून. ती म्हणाली, "नोकरी गेली तर माझी आहे. लिहा काय लिहायचं ते."

त्या तीन दिवसांत दोन नंबरच्या खिडकीत दादा कॉम्प्युटर बंद ठेवून बसला. रोजची सूचना टाकायचं त्याचं काम बाकीच्या अठरांपैकी कुणाकडे दिलंच नव्हतं. दातांचे डॉक्टर रजेवर गेले ते वेबसाइटला कळलंच नाही आणि लांबलांबून आलेली माणसं गाल धरून खिडकीशी भांडली. दादानं प्रत्येकाची माफी मागितली, स्वतःची चूक नसताना. खुलासा त्यानं एका पानाचा लिहिला. पहिल्या अर्जातलं सगळं पुन्हा, तस्संच. खाली एक विनंती: माझं खातं अर्ध्या तासासाठी, आपल्या आणि कंपनीच्या माणसांच्या समोर, उघडावं.

अधीक्षक मॅडम पूर्वी त्याच हॉस्पिटलात शिकाऊ डॉक्टर होत्या. टेलिफोन खोलीतला दादाचा आवाज त्यांना तेव्हापासून ओळखीचा होता. त्यांनी कागदावर लिहिलं, शुक्रवार, अकरा वाजता, माझ्या खोलीत.

मी शाळेतून अर्धी रजा काढली. दादाच्या शर्टाची कॉलर वहिनीनं दोनदा सारखी केली. मॅडमच्या खोलीत लांब टेबल होतं, भिंतीवर मोठा पडदा, कॉम्प्युटरवरचं सगळं त्यावर दिसेल अशी सोय. सिस्टीम साहेब फाइल घेऊन बसले होते. कंपनीकडून एक इंजिनियर आली होती, तिशीच्या आतबाहेरची, पाठीवर बॅग, दोन तासांचा प्रवास करून आलेली. तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं, की आजचा दिवस फुकट जाणार. वहिनी आणि मी दाराजवळच्या खुर्च्यांवर बसलो.

दादानं हेडफोनच्या जागी स्पीकर लावला आणि वाचण्याचा वेग उतरवला. "एवढं सावकाश ऐकलं की मला झोप येते," तो म्हणाला, "पण सगळ्यांना कळलं पाहिजे."

तो आत शिरला. टॅब. टॅब. टॅब. प्रोग्राम वाचत गेला. नवी सूचना. जुन्या सूचना. बाहेर पडा. वापरकर्ते. सर्व्हर सेटिंग. संपूर्ण बॅकअप उतरवा.

आम्ही सगळे भिंतीकडे बघत होतो. 'बाहेर पडा'च्या पुढं कोरी जागा होती.

"बघा," सिस्टीम साहेब म्हणाले, "काहीही नाही."

"थांबा एक मिनिट," इंजिनियर म्हणाली. ती उठून दादाच्या कॉम्प्युटरपाशी आली, पान ज्या मजकुरानं बनलं होतं तो मजकूर उघडून पाहू लागली. "आहेत. तिन्ही बटणं आहेत. नव्या आवृत्तीत आमच्या माणसानं ती काढली नाहीत, पानाच्या कडेच्या बाहेर सरकवलीत. डोळ्यांना दिसू नयेत म्हणून. यांचा प्रोग्राम पडदा बघत नाही, पानाचा मजकूर वाचतो." मग तिनं मान वर केली. "पण घाबरायचं कारण नाही. बटण दाबलं तरी सर्व्हर आधी तपासतो, विचारणाऱ्याला अधिकार आहे की नाही. तो नाकारेल."

"त्या दिवशी नाकारलं नव्हतं," दादा म्हणाला.

"ते शक्य नाही."

मॅडम म्हणाल्या, "दाबा. बघू या काय होतं."

दादानं हात कळांवरून काढून मांडीवर ठेवले. "मॅडम, तेवढं लेखी द्याल का? मागच्या वेळी दाबलं तर मेमो आला."

वहिनीनं माझा हात दाबला. मॅडमनी कागद ओढला, दोन ओळी लिहिल्या, सही केली आणि इंजिनियरकडे दिला. तिनं तो मोठ्यानं वाचला. दादानं हात पुढं केला, कागद घेतला, घडी घालून खिशात ठेवला आणि एंटर दाबलं.

भिंतीवर यादी उघडली. सगळ्यात वर मॅडमचं स्वतःचं नाव, पुढं 'पासवर्ड बदला'.

इंजिनियर खुर्ची ओढून दादाच्या शेजारी बसली. आता तिचा चेहरा पार बदलला होता. "सर्व्हर विचारतच नाही," ती स्वतःशीच म्हणाली. "बटण लपवलं आणि तपासणी लिहायची राहूनच गेली." तिनं त्या पानाचा पत्ता उतरवून घेतला, आपल्या लॅपटॉपवर टाकला. तिथं ना नाव घातलं होतं ना पासवर्ड. यादी तिथंही उघडली.

"याला तर खातंसुद्धा लागत नाही," ती म्हणाली. "पत्ता माहीत असला की कुणीही, कुठूनही."

मॅडमनी विचारलं, "कुणी उघडलंय का आत्तापर्यंत?"

सर्व्हरवर कोण कधी आलं-गेलं त्याची नोंद असते. ती इंजिनियरनं बाहेर काढली आणि ओळ न् ओळ पाहिली. त्यात पंधरा-वीस मिनिटं गेली. सिस्टीम साहेब फाइल उघडत होते, मिटत होते. शेवटी ती म्हणाली, "नवी आवृत्ती आल्यापासून आजच्या आधी एकदाच. मागच्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, चौकशी खिडकीतून. अडतीस सेकंद."

"मी चाळीस लिहिले होते," दादा म्हणाला. "दोन जास्त सांगितले."

मॅडम हसल्या. मग इंजिनियर हसली. मी हसले की रडले ते मला आठवत नाही. वहिनी मात्र ताठ बसून होती, जणू सत्कार तिचा चालला होता.

त्यानंतर सगळं भराभर झालं. इंजिनियरनं तिथूनच फोन लावून ते पॅनल बाहेरच्या जगासाठी बंद करायला लावलं. आता ते फक्त हॉस्पिटलच्या आतल्या कॉम्प्युटरवरून उघडणार होतं. संध्याकाळपर्यंत कंपनीनं दुरुस्ती पाठवली. तेच पॅनल आणखी सत्तेचाळीस संस्था वापरत होत्या, त्यात शाळा होत्या, दवाखाने होते. सोमवारच्या आत सगळीकडे दुरुस्ती बसली.

मेमो मागं घेतल्याचं पत्र आलं. दादानं ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि मॅडमकडे परत गेला. "यात शेवटच्या वाक्याबद्दल काही नाही." मॅडमनी दुसरं पत्र काढलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, की ते वाक्य लिहायला नको होतं आणि ते नोंदीतून काढण्यात आलं आहे.

आणि सिस्टीम साहेब एका सकाळी रांगेत उभे राहिले. खरोखरीच्या रांगेत, चौघांच्या मागं. नंबर आल्यावर खिडकीशी नुसतेच थांबले. दादानं किल्ल्यांच्या जुडग्यावरून ओळखलं. "बोला साहेब."

"मी बघायला हवं होतं," साहेब हळू आवाजात म्हणाले.

"ऐकलं असतंत तरी चाललं असतं," दादा म्हणाला. आणि लगेच, "रांगेत उभे राहून आलात, झालं. मागच्यांना येऊ द्या." पुढं त्या दोघांचं बरं जमलं. साहेब आता कुठलीही नवी गोष्ट बसवली की पहिला फोन दोन नंबरच्या खिडकीला करतात.

कंपनी आपल्या गिऱ्हाइकांना पत्रक पाठवते. त्यात दोष काय होता, कसा दुरुस्त केला आणि कुणी दाखवून दिला ते लिहायचं होतं. इंजिनियरनं फोनवर विचारलं, नाव द्यायला चालेल का, कसं देऊ?

"पूर्ण द्या," दादा म्हणाला. "वडिलांच्या नावासकट. आणि हुद्दा लिहा, दूरध्वनी चालक."

"पण तुम्ही आता चौकशीत आहात ना?"

"काम तेच आहे."

ते पत्रक मी आईला वाचून दाखवलं. आई आता ऐंशीला टेकली आहे. तिनं तीनदा विचारलं, म्हणजे त्यानं नेमकं केलं काय? मी तीनदा सांगितलं. मग ती म्हणाली, "आणि ते एवढे शिकलेले सगळे तिथं होते?"

"होते."

"बरं," आई म्हणाली आणि पत्रक माझ्या हातातून घेऊन उशीखाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी दूधवाल्याला, इस्त्रीवाल्याला आणि समोरच्या बिऱ्हाडातल्या सुनेला ते वाचून दाखवायची पाळी माझ्यावर आली.

दोन महिन्यांनी कंपनीनं हॉस्पिटलला रीतसर पत्र लिहिलं. पॅनलची कुठलीही नवी आवृत्ती बाहेर जाण्याआधी दादानं ती ऐकावी, महिन्यातून दोन दिवस. मॅडमनी मंजुरी दिली. पहिल्या वेळी मी सोबत गेले. कंपनीच्या खोलीत नऊ जण बसले होते, सगळे पॅनल लिहिणारे. दादानं त्यांना आधी आपापले पडदे बंद करायला लावले. मग हेडफोन घालायला सांगितले. एकानं विचारलं, "सर, माउस वापरायचा नाही?" दादा म्हणाला, "त्याचा बाण पडद्यावर कुठं आहे ते तुम्हाला दिसणार का?"

पहिला अर्धा तास त्यांची फार तारांबळ उडाली. एक जण तर स्वतःच लिहिलेल्या पानावर हरवला आणि बाहेर पडायचा रस्ता त्याला सापडेना. कुणीतरी हात वर केला, ते मला दिसलं, दादाला कळायचं कारण नव्हतं. मी सांगणार तेवढ्यात त्या मुलीच्या ते लक्षात आलं आणि ती बोलली. ती तीच इंजिनियर होती.

"सर, या पानावर शेवटी काहीतरी जास्तीचं ऐकू येतंय. चाचणीसाठी कुणीतरी एक बटण ठेवलंय, ते काढायचं राहिलंय."

"कितवी टॅब?" दादानं विचारलं.

"बारावी."

"बरोबर. मला सकाळी सापडलं होतं. कोण काढतं ते बघत होतो." मग तो इतरांकडे वळला. "आता बाकीच्यांनी शोधा. अजून एक आहे. वीस मिनिटं देतो."

आठही जण माना खाली घालून ऐकायला लागले. दादा खुर्चीत मागं टेकून बसला, एका हातानं घड्याळाची काच उघडून काटे चाचपत.